उजवीकडचा शेजारी

थांबराव हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत, एका रविवारी दुपारी, एका पत्त्यापायी पडलं. हातात पंधरा पत्ते, त्यातला एक घ्यायचा आणि बाकीचे चौदा डावीकडे सरकवायचे, एवढंच काम. त्याला त्यांनी अकरा मिनिटं लावली. मध्ये कोणी खाकरलं की हात वर करून म्हणायचे, "थांबा, थांबा जरा." बारा मिनिटं व्हायच्या आत त्यांचं बारसं होऊन गेलं होतं.

ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे आणि प्लास्टरचा साचा थांबरावांच्या लॅबमध्ये यायचा. लॅब म्हणजे मोठं काही नव्हे. एक लांब ओटा, पॉलिशचं चाक, मेणाचे तुकडे आणि फळीवर ओळीनं मांडलेले गावातल्या प्रतिष्ठितांचे जबडे. कोणाचे वरचे चार दात खोटे आहेत हे जाणणारा माणूस गावात एकच होता, आणि त्यानं ते कधी कोणाला सांगितलं नाही. दाताचा रंग जुळवायला ते साचा उजेडात धरून अर्धा अर्धा तास उभे राहत. वय छत्तीस, लग्न नाही. थोरली बहीण म्हणायची, "हा बायकोसुद्धा रंग जुळवून बघेल, तोवर तिचेच दात पडतील."

पत्त्यांचा तो खेळ आता छापत नाहीत. आता असले खेळ फोनवर चालतात. प्रत्येक पत्त्याशेजारी टक्केवारी उमटते, कुठला घ्यायचा ते यंत्रच सांगतं, आणि हरल्यावर चिडायला समोर माणूसही नसतो. त्या काळी सल्ला पोस्टानं यायचा, तोही महिन्यातून एकदा, पाकिटाचा एक कोपरा फाटून.

खेळ समजायला सोपा होता. प्रत्येकाला तीन बंद पाकिटं, पाकिटात पंधरा पत्ते. पहिलं पाकीट फोडायचं, एक पत्ता घ्यायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे आणि उजवीकडून आलेल्यातून पुढचा घ्यायचा. असं पत्ते संपेपर्यंत. दुसरं पाकीट उलटं, म्हणजे उजवीकडे सरकवायचं. तिसरं पुन्हा डावीकडे. जमलेल्या पत्त्यांची गड्डी बांधायची आणि मग प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. पत्त्यांची घराणी चार: नदी, डोंगर, रान, वादळ. एका गड्डीत दोनच घराणी धड नांदतात. त्यामुळे सगळी मेख निवडण्यात होती.

खेळणारे सहा. स्टेशनरीवाले काका जिन्याजवळ बसायचे, कारण खाली गिऱ्हाईक आलं की त्यांना उतरावं लागे. त्यांच्या डावीकडे औषधाच्या दुकानातले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. थोरला जिंकायचा, धाकटा थोरल्याकडून बोलणी खायचा. मग थांबरावांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, पाण्याची मीटरं वाचणारे. मग थांबराव. आणि थांबरावांच्या डावीकडे, खिडकीपाशी, भूगोलाच्या बाई. टेबल म्हणजे दोन जुने दरवाजे जोडून केलेला प्रकार होता. त्याला कोण कुठे बसणार हे पहिल्या रविवारी ठरलं ते तीन वर्षं बदललं नाही.

दाजींकडे एक फाईल होती. तीन वेळा जगज्जेता झालेला एक गृहस्थ खेळाच्या मासिकात दर महिन्याला लिहायचा, त्या लेखांच्या झेरॉक्स दाजी त्यात लावून ठेवत. खोलीत त्या गृहस्थाला सगळे 'मास्तर' म्हणायचे. मास्तरांनी खेळातल्या दोनशे पत्त्यांची यादी केली होती, पहिला सगळ्यात मोलाचा, दोनशेवा सगळ्यात टाकाऊ. दाजींना ती पाठ होती. पाण्याचं मीटर वाचावं तसे ते नंबर वाचत.

"महापूर तिसरा आहे. भोवरा एकोणिसावा. घेतलाच पाहिजे."

"पण दाजी, तुमची गड्डी डोंगराची आहे," धाकटा म्हणे.

"मास्तरांना नाही कळत, तुला कळतं?"

"त्यांना कळतं हो. तुम्हाला कळलंय का, ते विचारतोय."

थोरला धाकट्याच्या पाठीत चापट मारी आणि खेळ पुढे सरके.

थांबराव मास्तरांना मानत, पण डोळे मिटून नाही. त्यांनी एक वही केली होती. पानावर तीन रकाने: मास्तर काय म्हणतात, आपण काय केलं, काय झालं. प्रत्येक पत्ता घेतला की एक ओळ. वेळ लागायचा त्यातला निम्मा त्या ओळीपायी. दीड वर्षानं त्यांनी वही उलगडून हिशेब मांडला आणि एका रविवारी खेळापूर्वी सगळ्यांपुढे वाचून दाखवला. मास्तरांची यादी त्यांच्या टेबलावर जेमतेम निम्म्या वेळा खरी ठरली होती.

दाजींना हे लागलं. "म्हणजे जगज्जेता चूक आणि कवळीवाला बरोबर?"

"चूक नाही, दाजी. ते आठ परक्या माणसांच्या टेबलासाठी लिहितात. आपण सहा जण. तिथं पाकीट एकदाच फिरून परत हातात येतं, आपल्याकडे दोनदा. शिवाय आपण परके नाही. काका नदीचा पत्ता कधी घेत नाहीत, हे मास्तरांना कसं कळणार?"

"मी पोहताना बुडता बुडता वाचलोय," काका म्हणाले. "नदी नको."

"बघा. कॉलेजात जबड्याची सरासरी मापं शिकवली आम्हाला. चांगली असतात मापं. पण कवळी बसायची एकाच तोंडात."

"आणि त्यांचं काहीच चालत नाही का इथं?" हे बाईंनी विचारलं.

थांबरावांनी पान उलटलं. "एक चालतं. नेहमी चालतं. ते म्हणतात, उजवीकडून काय येतंय ते बघा. शेजारी जे सोडतो, त्यातून तो बोलत असतो."

बाई हसल्या. "मग तुम्ही बऱ्यापैकी बोलता."

बोलून चालून हे एक वाक्य. पण थांबराव ते आठवडाभर पॉलिशच्या चाकावर घासत बसले होते.

कारण खरंच, प्रत्यक्षात ते बाईंशी फारसं बोलतच नसत. बाई चौतिसाच्या, एकट्या, शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहायच्या. भिंतीवरच्या नकाशापुढे छडी घेऊन उभं राहायची सवय असल्यानं पत्तेसुद्धा ताठ बसून बघायच्या. त्यांना नदी घराणं आवडे. रविवारी खेळ संपला की त्या थांबरावांची वही ओढून घेत आणि वाचत. "इथं रान सोडलंत, म्हणजे वादळात शिरायचं ठरवलं होतं. बरोबर?" बरोबर असायचं. तीन वर्षांत त्यांचा अंदाज क्वचित चुकला. आपल्याला कोणीतरी इतक्या बारकाईनं वाचतंय, याचं थांबरावांना आधी नवल वाटलं, मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर रविवार सोडून बाकीचे सहा दिवस लांब वाटायला लागले.

तिसऱ्या वर्षी विभागीय स्पर्धा जाहीर झाली. गावातून एकच खेळाडू जाणार. काकांनी ठरवलं की एका रविवारच्या खेळात जो जिंकेल त्याचं नाव पाठवायचं. बाईंना जायचं होतं, फार जायचं होतं. वर्षातून एकदा खोलीत मोठा खेळ व्हायचा, त्यात तिन्ही वेळा त्या दुसऱ्या आल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या बदलीचं पत्र आलं. पाच तासांच्या अंतरावरचं गाव, महिनाअखेरीला हजर व्हायचं.

बातमी थांबरावांना बहिणीकडून कळली. ती ताट वाढता वाढता म्हणाली, "तुझी बाई चालली."

"माझी कुठली?"

"मग कोणाची? माझी? अरे, विचार तिला काहीतरी. ती जाईल आणि तू इथं मेण वितळवत बसशील."

"काय विचारू?"

"बघा," बहीण नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हा मलाच विचारतोय."

थांबरावांना विचारणं जमलं नाही. त्यांना दुसरंच सुचलं, आणि जे सुचलं ते त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणालाच सुचलं नसतं. विचारता येत नाही तर द्यावं. बाईंना स्पर्धेला जायचंय, आपण त्यांच्या उजवीकडे बसतो, आपल्या हातातून पत्ते त्यांच्याकडे जातात. सोपं होतं.

त्या रविवारी त्यांनी पहिलं पाकीट फोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच अर्ध्या मिनिटात पत्ता घेतला. दाजींनी भुवया उंचावल्या. दुसरा पत्ता तेवढ्याच झटपट. पंखा घरघरत होता, पत्त्यांवर ठेवलेल्या पेपरवेटची सावली टेबलावर हलत होती, आणि बाईंकडे एकामागून एक महापूर, भोवरा, मगर, धबधबा वाहत होते. बाईंचे कान लाल झाले. शेजाऱ्यानं नदी सोडलीय, म्हणजे नदी मोकळी आहे, असा त्याचा सरळ अर्थ. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

बाई पाचपैकी पाच डाव जिंकल्या. थांबराव पाचपैकी पाच हरले. औषधवाल्यांच्या धाकट्याला तर आपण थांबरावांना हरवलं यावर विश्वास बसेना. त्यानं थोरल्याला दोनदा मोजायला लावलं.

"अभिनंदन, बाई," काका म्हणाले. "नाव पाठवतो."

बाईंचा चेहरा उजळला होता. त्यांनी सवयीप्रमाणे हात लांब करून वही घेतली. आणि तेव्हा थांबरावांच्या लक्षात आलं की वहीत त्यांनी नेहमीसारखं सगळं लिहिलं होतं. खोटं लिहायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणूस टेबलावर लबाडी करायला बसला होता आणि सोबत तिची टिपणं काढत होता.

"हे काय?"

"कुठं काय?"

"लंगडा बोकड?"

"बरा आहे तो. चढावर."

"मास्तरांच्या यादीत लंगडा बोकड एकशे ब्याऐंशीवा," दाजी म्हणाले आणि बोलल्यावर त्यांना वाटलं, गप्प राहिलो असतो तर बरं.

बाईंनी बोट ओळींवरून खाली नेलं. "महापूर आला, बोकड घेतला. मगर आली, वाळकं झुडूप घेतलं. धबधबा आला..." त्या मनात मोजत होत्या. "अकरा वेळा."

खाली दुकानात घंटी वाजली, पण काका उठले नाहीत.

"मला वाटलं, तुम्हाला जायचंय," थांबराव म्हणाले.

"मला जिंकून जायचं होतं." त्यांचा आवाज वर्गातला झाला नाही, उलट खाली आला. "तीन वर्षं तुमच्याकडून आलेल्या पाकिटावर मी भरवसा ठेवलाय. या माणसानं सोडलं म्हणजे त्याला खरंच नकोय. या खोलीत एवढी एकच गोष्ट मी कधी तपासली नाही. काका, माझं नाव पाठवू नका."

त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. जमवलेले पत्ते टेबलावरच राहिले.

सोमवारी दाजी लॅबमध्ये आले. मीटर वाचायला आलो असं म्हणाले, पण लॅबचं मीटर बाहेरच्या भिंतीवर होतं. बगलेत फाईल.

"मेहुणे, एक वाचून दाखवू? रागावू नका."

"वाचा."

दाजींनी चष्मा लावला. "'शेजाऱ्यावर दया करू नका. जो पत्ता तुमच्या कामाचा आहे तो घ्या. तुम्ही पुढे सरकवलेलं पाकीट ही शेजाऱ्यासाठी बातमी असते. ती खरी असू द्या. याहून मोठं सौजन्य या टेबलावर नाही.'"

थांबरावांनी हा उतारा पूर्वी वाचला होता. वहीत त्याच्यापुढे 'माणूस कोरडा दिसतो' असा शेरा मारला होता. आता हातात एक खालचा जबडा होता, त्यावर मेणाचा थर चढवायचा होता, पण हात चालेना. त्यांना एक आजोबा आठवले. धंद्याच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी कवळी घालून बघायला त्यांना लॅबमध्येच पाठवलं होतं. कवळी किंचित सैल होती. पण आजोबा आरशात बघून इतके खूश झाले की थांबरावांना सांगवेना. "छान बसलीय," म्हणाले. आजोबा बिचारे सहा महिने पातळ पेज पिऊन राहिले. एवढ्या चांगल्या पोराचं मन कसं मोडायचं, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

"दाजी," थांबराव म्हणाले, "काकांकडे अजून पाकिटं आहेत?"

"अठरा लागतील."

"नाव पाठवायची मुदत?"

"शुक्रवार. तुम्ही काय—"

थांबराव तोवर हात धूत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले, बाहीला प्लास्टर लागलेलं. बाई गुंडाळलेले नकाशे कपाटात उभे करत होत्या. बाकीच्या दोन शिक्षिका डबा खाता खाता थांबल्या.

"गुरुवारी संध्याकाळी साडेपाच," थांबराव म्हणाले. "सगळे यायला तयार आहेत. परत खेळू."

"आणि परत बोकड?"

"नाही." थांबरावांनी श्वास घेतला. "यावेळी तुमच्या तोंडचं काढून घेईन."

डबा खाणाऱ्या शिक्षिकेला ठसका लागला. बाईंनी एक नकाशा कपाटात घातला, मग दुसरा. "बघू," म्हणाल्या.

गुरुवारी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी बाई आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि कोणाकडे न बघता पाकीट फोडलं. थांबरावांनीही आपलं फोडलं. वरून चौथा पत्ता नावाडीण होती. मास्तरांच्या यादीत दुसरी, नदी घराण्याची राणी म्हणा ना. तीन वर्षांत त्या टेबलावर ती कधी निघाली नव्हती. ती कशी दिसत असेल, याविषयी बाई दर दोन रविवारी एकदा तरी बोलत. आता ती हातात होती: पाण्यात वल्हं रोवून उभी बाई, मागे वळून बघणारी.

थांबरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाकीच्या चौदांकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे. एक मिनिट गेलं, चार गेली, सहा गेली. कोणी खाकरलं नाही. नावाडीण घेतली, तर जी बाई जाऊ नये असं वाटतंय तिच्याच हातून तिचं आवडतं हिसकावल्यासारखं होणार होतं. सोडली, तर ती बाई परत कधी त्यांच्या पाकिटावर भरवसा ठेवणार नव्हती. आणि खरी गोष्ट ही होती की पत्ता त्यांनाही हवा होता. चांगला होता. वर मास्तर होते, खाली वही होती, आणि दोघांचं एकदाचं एकमत झालं होतं.

त्यांनी नावाडीण घेतली, वहीत ओळ लिहिली आणि बाकीचे चौदा डावीकडे सरकवले.

बाईंनी ते पाकीट चाळलं. त्यात नदीचे दोनच पत्ते उरले होते, तेही किरकोळ. त्या एक क्षण थांबल्या. उजवीकडे नदीत कोणीतरी उतरलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी नकळत खुर्ची इंचभर पुढे ओढली.

पुढे जे झालं त्याला खेळ म्हणावं की मारामारी, यावर दाजी आणि काकांचं अजून जुळत नाही. बाईंनाही नदीच हवी होती. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटली, तेव्हा थांबरावांकडे नदीचा एक थेंब येऊ दिला नाही त्यांनी. तिसऱ्यात थांबरावांनी त्याची परतफेड केली. दोघांनी एकमेकांची गड्डी अशी नासवली की दोघांकडेही धड काही उरलं नाही, आणि ते सगळं डोंगर घराणं, ज्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं, फिरत फिरत औषधवाल्यांच्या धाकट्याकडे गेलं. त्यानं मास्तरांचा एकही लेख वाचलेला नव्हता. तो दोन लंगडे बोकड घेऊन पाचही डाव जिंकला. थोरल्यानं त्याच्या पाठीत मारायला हात उचलला आणि तसाच खांद्यावर ठेवला.

बाई आणि थांबराव यांच्यातला डाव सगळ्यात शेवटी संपला. बाकीचे पत्ते आवरून उभे होते तरी तो चाललाच होता. थांबराव एका गुणानं जिंकले. बाई चौथ्या आल्या, थांबराव तिसरे. काकांनी कागदावर धाकट्याचं नाव लिहिलं. धाकटा स्पर्धेला गेला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला, पण येताना मास्तरांची सही घेऊन आला. दाजींनी ती फाईलमध्ये सगळ्यात वर लावली.

त्या संध्याकाळी बाई वही वाचून जिन्यात थांबल्या होत्या. खालच्या दुकानातून नव्या वह्यांचा वास येत होता.

"नावाडीण तुम्ही घेतलीत ना?"

"हो."

"पहिलीच?"

"पहिलीच."

"मला हवी होती, माहीत होतं?"

"तीन वर्षांपासून."

"मग?"

"मलाही हवी होती."

बाई हसल्या, वर्गाबाहेरचं हसू, जे थांबरावांनी फार वेळा पाहिलं नव्हतं. "आता कुठे माणूस बसला शेजारी," म्हणाल्या. "दाखवा तरी."

थांबरावांनी पत्ता दाखवला. दोघांनी जिन्यातल्या दिव्याखाली तो धरून पाहिला. बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं ती पुढे बघत असेल," आणि परत दिला. ठेवून घ्या, असं थांबराव म्हणाले नाहीत. तेवढं ते शिकले होते.

मग, कोणाला न विचारता, यादी न बघता, एका दमात त्यांनी विचारलं, "तुम्ही जाताय तिकडे मी आलो तर चालेल का?"

"किती दिवसांसाठी?"

"लॅबसकट."

बाई एक पायरी उतरल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिथं कवळी करणारं कोणी नाही. लोकांना दोन तास प्रवास करून जावं लागतं. मी चौकशी केलीय."

"केव्हा?"

"पत्र आलं त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "चला, काकांना दुकान बंद करायचंय."